वीडु (तमिळ, १९८८) : घर पाहावं बांधून...

वळचण

आमच्या घरी ‘घर पाहावं बांधून’ असं कुणी म्हटलं की बाबा उठून गॅलरीत जातात. १९९१ साली त्यांनी नाशिकला घर बांधायला काढलं, ते पुरं व्हायला चार वर्षं लागली. कंत्राटदार जोत्यावर काम टाकून गेला, उचल घेतलेले पैसेही गेले. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. त्या माणसाचं नाव आमच्याकडे अजून निघत नाही. नुसतं ‘तो’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

मागच्या महिन्यात चेन्नईच्या एका सहकाऱ्याशी बोलताना ही म्हण तोंडातून गेली. अर्थ समजावून सांगायला लागले तर तो हसायलाच लागला. म्हणाला, आमच्याकडे जशीच्या तशी आहे : ‘वीट्टै कट्टिप् पार्, कल्याणम् पण्णिप् पार्.’ घर बांधून पाहा, लग्न करून पाहा. ‘पार्’ म्हणजे पाहा, म्हणजे क्रियापदसुद्धा तेच! आणि लगेच म्हणाला, मग ‘वीडु’ बघच.

बघितला. आठवडा झाला, डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा. (पुढे गोष्ट फोडली आहे, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा.)

बालू महेंद्रचा सिनेमा. मद्रासमधल्या एका खाजगी ऑफिसात नोकरी करणारी सुधा (अर्चना), तिची धाकटी बहीण इंदू, आणि आजोबा मुरुगेसन, म्हणजे निवृत्त गाण्याचे मास्तर. भाड्याचं घर सोडावं लागणार असतं. नवीन भाडी ऐकून छाती दडपते. ऑफिसातला एक वडीलधारा अय्यंगार सांगतो, एवढं भाडं भरण्यापेक्षा स्वतःचं बांधा. आजोबांचे वळसरवाक्कमला दोन प्लॉट असतात. एक विकायचा, दुसऱ्यावर बांधायचं, उरलेलं कर्ज. कागदावर गणित अगदी चोख बसतं. आमच्या बाबांचंही बसलं होतं.

पुढे जे होतं ते तुम्हीआम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. परवानगीसाठी खेटे. पाया खणला की पाऊस. कंत्राटदार पैसे मागतो, मग आणखी मागतो. मग कळतं की सिमेंटच्या गोणी परस्पर बाहेर जातायत. हे सांगते कोण, तर घमेली वाहणारी मंगम्मा. सुधाचा मित्र गोपी (भानुचंदर) आणि ही मंगम्मा, या दोघांच्या आधाराने ती कंत्राटदाराशिवाय काम पुढे रेटते. अर्धवट घर बघायला आजोबा येतात, एकेका खोलीतून हळूहळू फिरतात. त्या प्रसंगात जवळजवळ काहीच घडत नाही. मी मात्र तो तीनदा मागे नेऊन बघितला. त्यानंतर थोड्याच वेळात आजोबा वारतात. आणि घर पुरं होत आलंय असं वाटतं तेव्हा महानगर पाणीपुरवठ्याचा माणूस येऊन सांगतो, ही जमीन आमच्या खात्याने संपादन केलेली आहे.

गाणं एकही नाही. मारामारी नाही. खलनायक म्हणावा असा माणूसही नाही, प्रत्येक जण आपापलं थोडंथोडं खातो इतकंच.

सिनेमा कसा बनला ते वाचलं तेव्हा तर मी उडालेच. सेट लावला नव्हता. सालीग्राममला खरंच एक घर बांधायला घेतलं होतं आणि ते पडद्यावर चढत गेलं. शूटिंग संपलं तेव्हा ते अर्धवटच राहिलं. पुढे ते पुरं झालं आणि तिथे बालू महेंद्रची शिकवण्याची जागा उभी राहिली, ‘सिनेमा पट्टरै’. पट्टरै म्हणजे कारखाना, लोहारा-सुताराचं काम चालतं तसला. आणि गोष्टीचं मूळ त्याच्या लहानपणात आहे, असं तो सांगायचा. त्याच्या आईने घर बांधायला काढलं आणि हसरी आई बदलून गेली. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून आईला फोन केला. काही कारण नव्हतं.

कुणी पाहिलाय का?

खडीसाखर

बालू महेंद्र म्हणजे ‘सदमा’वाला ना? श्रीदेवी, कमल हासन, स्टेशनवरची ती माकडचेष्टा?

वळचण

हो, तोच. आधी तमिळमध्ये केला, मग वर्षभराने हिंदीत. पण तो डोक्यात ठेवून ‘वीडु’ बघायला बसू नकोस. तिथे रडायला जागा करून दिलेली आहे, इथे रडू आलं तर तुझं तू बघ.

मुकादम_अण्णा

ताई, मी सिनेमातला जाणकार नाही. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, त्या जोरावर लिहितो. तुमचा धागा वाचून काल रात्री सिनेमा पाहिला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पण अर्ध्या जागी ती वाचायची गरजच पडली नाही. साइटवरची भांडणं कुठल्याही भाषेत सारखीच.

सिमेंट चोरीचं थोडं सांगतो, म्हणजे तो भाग किती खरा आहे ते कळेल. आजच्या पोरांना वाटेल, गोणी ती काय चोरायची, दुकानात मिळते. १९८२ पर्यंत सिमेंट पूर्ण सरकारी नियंत्रणात होतं. परमिट लागायचं. घराच्या नकाशाबरोबर अर्ज, मग मंजुरी, मग गोणी. फेब्रुवारी १९८२ मध्ये थोडं मोकळं झालं, पूर्ण मोकळं व्हायला १९८९ उजाडलं. सिनेमा बरोबर या दोन सालांच्या मधला. आपल्याकडे तर सिमेंटच्या वाटपावरून १९८२ साली मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली होती, तरुण मंडळींनी घरच्या मोठ्यांना विचारावं. अशा काळात साइटवर पडलेली गोणी म्हणजे रोकड होती.

आणि चोरी म्हणजे रात्री गाडी लावून गोणी उचलणं, एवढीच नव्हे. ती सगळ्यात सोपी, ती पकडता येते. खरी चोरी मालात असते. स्लॅबला त्या काळी एकास दोन चारचा माल धरायचे : एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. मालक समोर नसला की तेच एकास तीन सहा होतं. स्लॅब तसाच दिसतो. करडा रंगही तोच. वाचलेल्या गोणी बाहेर. पाच-सात पावसाळ्यांनी गळायला लागतो तेव्हा कंत्राटदार दुसऱ्या गावी. हे फक्त दोघांना कळतं, माल कालवणाऱ्याला आणि घमेलं वाहणारीला. घमेलं डोक्यावर घेतलं की मालाची जात कळते. म्हणून मंगम्माने तोंड उघडलं ते मला अगदी पटलं. इंजिनियरला कळायच्या आत बाईला कळतं. (मला स्वतःला दोनदा असं बाईनेच सांगितलंय. एकदा मी ऐकलं. दुसऱ्यांदाचं विचारू नका.)

एक बारीकशी गोष्ट. सुधा ऑफिसातून साइटवर येते, तिची साडी, पर्स, आणि ती उभी राहते ती जागा. नवीन मालक नेहमी चुकीच्या जागी उभा राहतो. एकतर मालाच्या वाटेत, नाहीतर परांचीखाली. ती बाई काम शिकत जाते तशी तिची उभी राहायची जागा बदलते. हे दिग्दर्शकाने सांगितलं असेल की आपोआप झालं असेल, देव जाणे. खरं घर बांधत होते म्हणता, तर आपोआपच झालं असणार.

अबोली_मांबळम

मुकादम अण्णा, सुरेख प्रतिसाद! मी लग्न होऊन इकडे चेन्नईला आले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा शब्दांची थोडी भर घालते.

मंगम्मासारख्या बाईला इकडे ‘चित्ताळ’ म्हणतात. गवंडी तो ‘कोत्तनार’. आणि कामावरचा मुख्य माणूस ‘मेस्तिरी’, म्हणजे आपला मिस्त्रीच, दोघेही पोर्तुगीज ‘मेस्त्र’चे नातू. चित्ताळ बाई आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधते आणि स्वतः साइटच्याच कडेला झोपडीत राहते, हे सिनेमात कुणीही बोलून दाखवत नाही. नुसतं दिसत राहतं. ती भूमिका करणारी सत्या. इकडे तिला सगळे ‘पसी’ सत्या म्हणूनच ओळखतात, १९७९ च्या ‘पसी’ या सिनेमावरून. पसी म्हणजे भूक.

आता शीर्षकाची गंमत. ‘वीडु’ म्हणजे घर हे झालंच. पण चार पुरुषार्थ तमिळमध्ये म्हणतात ते असे : अरम्, पोरुळ्, इन्बम्, वीडु. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. मोक्षालाही शब्द तोच! मी पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हा हे माहीत नव्हतं. सासऱ्यांनी सांगितलं, तेही सिनेमा संपल्यावर पंख्याकडे बघत.

खडीसाखर

सिनेमा संपल्यावर पंख्याकडे बघणारे सासरे. यांच्यावर वेगळा धागा काढा ताई.

तिठा

सगळं चांगलं चाललंय त्यात मिठाचा खडा टाकतो. मी हा सिनेमा फिल्म सोसायटीत पाहिला होता, आणि शेवट मला तेव्हाही पटला नाही, आजही नाही. पूर्ण सिनेमा वास्तवाच्या मापाने चालतो. एकेक गोणी, एकेक सही. आणि शेवटी अचानक एक सरकारी माणूस उगवतो आणि सगळंच उलटंपालटं. याआधी त्याची एक खूण नाही. हे वास्तव नव्हे, लेखकाने वरून टाकलेला धोंडा आहे. आजोबा गेले तिथेच थांबला असता तर जास्त मोठा झाला असता. दुःख कमी पडलं म्हणून आणखी वाढलं, असं वाटतं.

आणि आणखी एक. सुधा फारच सोशिक आहे. एवढं सगळं होऊनही बाई ओरडत का नाही?

अबोली_मांबळम

तिठा, खुणेचं तुमचं म्हणणं थोडं मान्य. पण ‘वास्तव नाही’ हे अजिबात मान्य नाही. जरा लांबण लावते.

वळसरवाक्कम आज चेन्नईच्या पोटात आहे, पण महापालिकेत ते आलं २०११ मध्ये. सिनेमाच्या वेळी शहराच्या हद्दीबाहेरचं गाव. अशा वेशीवरच्या जागांवर एकाच वेळी अनेकांचा हात असतो. स्थानिक कारभार एक शिक्का देतो, शहराचं नियोजन करणारे दुसरा, आणि तिसऱ्याच खात्याच्या कपाटात त्याच जमिनीचा कागद पडलेला असतो. सुधाकडे परवानगीचे कागद असतात, ती ते दाखवते. तिच्या बाजूने सगळं कायदेशीर. म्हणून ते जास्त लागतं. पुणे-मुंबईच्या कडेला प्लॉट घेतलेल्या माणसाला विचारा, धोंडा वरून पडतो की फाइलीतून.

आणि खातं कुठलं, ते बघा. पाण्याचं. मद्रासला पाणी हा केवढा मोठा विषय होता हे बाहेरच्यांना कळणार नाही. शहराच्या पाण्यासाठी वेगळं मंडळ १९७८ मध्ये झालं. स्वतःची धड नदी नाही, म्हणून पार कृष्णेचं पाणी आणायचं ठरलं होतं. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी (अब्ज घनफूट) द्यायचं. म्हणजे महाबळेश्वरचं पाणी चेन्नईच्या नळाला! ते प्रत्यक्ष इकडे पोचायला १९९६ उजाडलं. तर अशा तहानलेल्या शहरात पाणी खात्याने जमीन घेतली, याला कुणी नाही म्हणणार? शहराला पाणी हवंच होतं. सुधालाही घर हवं होतं. चूक कुणाचीच नाही आणि बाई रस्त्यावर.

शिवाय सुरुवातीला पायाच्या खड्ड्यात पाणी साचून काम थांबतं, आणि शेवटी पाणी खातंच घर थांबवतं. तुम्ही म्हणता तशी खूण हीच नसेल?

तिठा

पाण्याची खूण... ती तुम्ही काढलेली आहे, दिग्दर्शकाने नाही. पण छान काढली आहे.

वळचण

तिठा, सोशिकपणाबद्दल. ती ओरडत नाही कारण तिला उद्या परत तिथेच जायचंय. माझी आई चार वर्षांत एकदाही ओरडली नाही. ओरडलं असतं तर गवंडी दुसऱ्या दिवशी आला नसता.

रीळ_नं_सात

उशिरा आलो, पण या धाग्यावर पुण्याचं नाव अजून कुणीच घेतलं नाही म्हणून खास लिहितोय. बालू महेंद्र आपल्या प्रभात रोडजवळचा! म्हणजे जन्म श्रीलंकेतला, बट्टिकलोआजवळचा, पण कॅमेरा शिकला तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, साठच्या दशकाच्या शेवटी. आधी इतरांचे सिनेमे टिपले. ‘शंकराभरणम्’चं छायाचित्रणही त्याचंच. १९७७ मध्ये कन्नडमध्ये ‘कोकिला’ करून दिग्दर्शक झाला, त्याला संगीत आपल्या सलीलदांचं, म्हणजे सलील चौधरींचं.

सिनेमात यायचं कसं ठरलं याची त्याची एक आवडती गोष्ट होती. शाळकरी वयात श्रीलंकेत डेव्हिड लीनच्या ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चं शूटिंग बघायला मिळालं. लीन ओरडला, ‘रेन!’ आणि पाऊस पडायला लागला. पोरगं थक्क. पाऊस पाडणारा हा माणूस कोण? आपणही हेच व्हायचं. आता त्याच माणसाने ‘वीडु’मध्ये पाऊस कसा वापरलाय बघा. तिथे पाऊस कुणाच्या हुकमाने पडत नाही, पडतो आणि खर्च वाढवून जातो.

प्रकाशाबद्दल सांगायलाच हवं. हा माणूस मिळेल त्या उजेडात काम करायचा. खिडकीतून येतो तेवढा उजेड, बस. आपल्याकडे तेव्हाच्या सिनेमात मध्यमवर्गीय घर दाखवायचं तरी चारही कोपरे लखलखीत असायचे. सुधाच्या भाड्याच्या घरात दुपारीही कोपरे काळे आहेत. आणि मग ते अर्धवट घर, ज्याला अजून दारं-खिडक्या बसलेल्या नाहीत, त्यात चहूकडून ऊन येतं. आजोबा त्या उन्हात फिरतात. तो प्रसंग वळचणने तीनदा मागे नेला, त्याचं अर्धं कारण हे आहे असं माझं मत. आयुष्यभर अंधारात काढलेला म्हातारा, आणि घरभर उजेड, कारण घर पुरं झालेलं नाही! पटकथा, कॅमेरा, संकलन, सगळं त्याचंच, त्यामुळे असला विचार मधे कुठे सांडत नाही.

दुसरं अर्धं कारण म्हणजे संगीत. इळैयराजा. पण या सिनेमासाठी त्याचा १९८६ चा ‘हाऊ टू नेम इट’ हा वाद्यसंगीताचा अल्बम वापरलाय. कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि जर्मन संगीतकार बाख या दोघांना वाहिलेला. गाणं नसलेल्या सिनेमात, गाण्याच्या मास्तरच्या मागे ते व्हायोलिन वाजतं. आजोबा झालेले चोक्कलिंग भागवतर स्वतः जुन्या संगीत रंगभूमीवरचे नट. आपल्याकडे एखाद्या नाटक कंपनीतल्या निवृत्त गायक नटाला उचलून आजोबा करावा, तसं. म्हणून ते ‘अभिनय’ करत नाहीत. नुसते वावरतात. पुढच्याच ‘संध्या रागम’मध्ये तर सगळा सिनेमाच त्यांच्या खांद्यावर आहे.

त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कारही गमतीचे. अर्चनाला ‘वीडु’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, आणि ‘वीडु’ सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट. अभिनेता कमल हासन, ‘नायकन’साठी, म्हणजे धारावीची गोष्ट. एकाच साली एक तमिळ बाई मद्रासच्या वेशीवर चार भिंतींसाठी झगडतेय आणि एक तमिळ माणूस मुंबईच्या झोपडपट्टीवर राज्य करतोय. दोन्हींच्या मुळाशी राहायची जागा. तिठा, तुमच्यासाठी : त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं जाह्नू बरुआच्या असमिया सिनेमाला, आणि त्यात शेतकऱ्याच्या हातातून कागदपत्रांच्या खेळात जमीनच जाते. धोंडा सगळीकडेच पडत होता.

आता वाईट बातमी. आपल्या काही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह उरल्या नाहीत, त्यात ‘वीडु’ही, असं बालू महेंद्र शेवटच्या वर्षांत कळवळून सांगायचा. तमिळ सिनेमासाठी संग्रहालय उभारा म्हणून मागणी करत राहिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये गेला. आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, त्याच्या भिंतीला लागून आपण भेळ खातो, आणि हा इथेच शिकलेला माणूस आपल्या सिनेमाच्या डब्यासाठी तळमळत होता. म्हणूनच जालावर मिळते ती प्रत एवढी धुरकट आहे. ते कोपरे मी काळे म्हणालो, त्यातले काही बहुतेक प्रतीचे आहेत. किती बालूचे आणि किती प्रतीचे, हे आता कसं ठरवायचं?

मुकादम_अण्णा

घर उभं आहे आणि सिनेमाची निगेटिव्ह नाही. आमच्या धंद्यात नेहमी उलट होतं, फाइल राहते आणि बांधकाम पडतं.

खडीसाखर

पाहिला. ‘सदमा’ डोक्यात ठेवून बसले नव्हते. आजोबांपर्यंत ठीक होते. पुढचं लिहीत नाही. सुधा शेवटी कोर्टात जाते, त्याचं काय झालं ते दाखवतच नाहीत का, की माझी प्रत मधेच तुटली?

अबोली_मांबळम

प्रत नाही तुटली. निकाल लागलेला नाही, तिथेच संपतो.

वळचण

काल बाबांना दाखवला. म्हणजे आधी विचारलंच नाही, त्यांच्या जेवणाच्या वेळी टीव्हीवर लावून ठेवला. दहा मिनिटांत ताट हातात घेऊन खुर्ची पुढे ओढली. भाषा कळत नव्हती, तरी पाया खणताना ‘रुंदी कमी आहे’, पैसे देताना ‘पावती घे, पावती घे!’ असं त्या पोरीला सांगणं चालू होतं. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, तुम्ही कुठे घेतली होतीत?

मंगम्मा सिमेंटचं सांगते तिथे त्यांनी रिमोट मागितला आणि चित्र थांबवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्याकडेही होती एक. कळवणकडची. तिनं सांगितलं होतं मला, दोनदा. मला वाटलं, मजुरीवरून भांडण झालं असेल म्हणून बोलतेय.”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

उरलेला आज रात्री बघणार आहेत. शेवट मी सांगितलेला नाही.